मस्तकीची गिऱ्हाइकं

पोटाचं गिऱ्हाईक मला रस्ता ओलांडतानाच ओळखू येतं. डाव्या हाताची मूठ छातीच्या खाली दाबलेली आणि उजव्या हातात मोबाइल. पायरी चढायच्या आधीच तो मोबाइल माझ्या तोंडासमोर येतो. त्यात कुणीतरी पांढरा कोट घातलेला माणूस हात हलवून सांगत असतो की पोटातला जंतू मारायला अमुक झाडाची राळ घ्या, बाकी कशाची गरज नाही. व्हिडिओ संपेपर्यंत गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघत राहतं, जणू तो माणूस माझा मेहुणा आहे आणि त्यानं दिलेला शब्द आता मी पाळायचा आहे.

सांगलीत आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, मी चाळीस वर्षं चालवलं, आता मुलगा बसतो. मी निवृत्त आहे, म्हणजे सकाळी नऊऐवजी साडेनऊला जातो. काष्ठौषधी म्हणजे झाडाची मुळं, साली, बिया, फुलं, चीक. जे जे वाळवून डब्यात भरता येतं ते सगळं. मी वैद्य नाही. हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारलंय तितक्या वेळा णमोकार मंत्र म्हटला असता तर आत्तापर्यंत माझं कल्याण झालं असतं. पण त्यावर आजवर एकाही गिऱ्हाइकानं विश्वास ठेवलेला नाही. "वैद्य नसंना का, पण द्या की कायतरी," हे ठरलेलं उत्तर.

सध्या ज्या राळेचा बोलबाला आहे तिचं नाव रुमी मस्तकी. परदेशात समुद्राकाठी होणारं एक झुडूप असतं. त्याच्या सालीला चिरा दिल्या की चीक ओघळतो आणि वाळून त्याचे पिवळसर खडे होतात, काही साबुदाण्याएवढे, काही हरभऱ्याएवढे. हकिमांच्या नुसख्यात ती पूर्वीपासून आहे. वडिलांच्या वेळी एक लहान डबा वर्ष वर्ष पुरायचा. आता महिन्याला पुरत नाही, आणि मागणी वाढली की भेसळही वाढते. म्हणून खरी मस्तकी ओळखायची खूण सांगून ठेवतो. खडा दाढेखाली धरा. आधी कुरकुरतो, कडवट लागतो आणि मग मऊ होऊन च्युइंगमसारखा चघळता येतो. दुसरी स्वस्त राळ असेल तर तिचा नुसता भुगा होतो. कुटायचीही रीत आहे. खलात रगडली की ती उष्णतेनं बत्त्याला चिकटून बसते, म्हणून आधी बर्फाच्या कप्प्यात गारठवायची आणि हलक्या हातानं कुटायची. आमच्या घरच्या फ्रिजमध्ये हा डबा कायम असतो. त्यामुळे आइस्क्रीमला जो वास लागतो त्याबद्दल आमच्या मंडळींचं मत दिवाळी अंकात छापता येणार नाही.

लोकांचा सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो डिंक आणि राळ यांच्यात. दोन्ही झाडातून येतात, दोन्ही खडे, म्हणून दोन्ही एकच, असा हिशोब. डिंक पाण्यात फुगतो, विरघळतो. राळ पाण्याला दाद देत नाही. ऊन लागलं की मऊ होते आणि जिथं असेल तिथं चिकटते. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण मान हलवून घरी जाऊन ती दुधात घालतो.

माण तालुक्यातले एक निवृत्त हवालदार होते, म्हसवडच्या बाजूचे. मुलगी सांगलीत दिलेली, म्हणून इथल्या डॉक्टरांना दाखवत होते. दुर्बीण घालून बघितल्यावर पोटाला सूज निघाली, जंतू निघाला आणि चौदा दिवसांचं औषध मिळालं. पाचव्या दिवशी हवालदारसाहेब माझ्याकडे. गोळ्यांनी तोंड लोखंड चाटल्यासारखं होतं, म्हणून औषध बंद केलंय आणि आता मस्तकी द्या, असा हुकूम. मी म्हणालो, आधी ते चौदा दिवस पुरे करा, मग मस्तकी काय हवी ती चघळा. आपण फौजेत बर्फात किती महिने काढले ते त्यांनी मला सांगितलं. त्या बर्फाचा आणि उरलेल्या नऊ दिवसांच्या गोळ्यांचा मेळ काही मला बसला नाही. शेवटी मी खडे दिले, चघळायचे म्हणून बजावलं.

कवळी असल्याचं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खडे चघळता येईनात, तेव्हा त्यांच्या बायकोनं ते डिंकासारखे उकळत्या दुधात घातले. राळ वितळली, थोडी पातेल्याला बसली, उरलेली हवालदारांच्या कवळीला. तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा कवळी रुमालात आणि पातेलं पिशवीत होतं. दात नसलेला माणूस इतक्या जोरात भांडू शकतो हे मला तेव्हा कळलं. खोबरेल तेल चोळून चोळून मी ती कवळी साफ केली, आणि माझे हात तेलात असतानाच त्यांनी जेवढं बोलायचं होतं तेवढं बोलून घेतलं. पुढे त्यांनी डॉक्टरांकडे परत जाऊन औषध पुरं केलं. ते माझ्या सांगण्यावरून नव्हे, तर पातेलं खराब झाल्यावर बायकोनं त्यांना ठेवूनच घेतलं नसतं म्हणून.

शिरवळच्या कारखान्यातला एक सुपरवायझर तर अजून फोन करतो. पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते, जेवणाची वेळ बदलली की पोट जळतं, आणि पोट जळलं की त्याला माझी आठवण येते. मस्तकी किती मिलिग्रॅम घेऊ, असं तो विचारतो. मी म्हणतो, बाबा रे, मी तराजूवाला माणूस, तू एकदा तपासून तरी घे. तो म्हणतो, सुट्टी मिळाली की घेतो.

मस्तकीत काहीच नाही असं मी म्हणणार नाही. जळजळीला तिनं उतार पडलेली माणसं मी पाहिली आहेत. काचेच्या नळीत ती हा जंतू मारते असंही शिकलेले लोक सांगतात. पण काचेच्या नळीला आतडं नसतं, जेवण नसतं, आणि नातेवाईकही नसतात. हा जंतू पोटाच्या आतल्या अस्तरात दडून बसतो. म्हणून डॉक्टर दोन-तीन औषधं एकदम देतात, सोबत आम्ल कमी करणारी गोळी देतात. त्यातलं एक गळलं तर जंतू मरत नाही, उलट बाकीच्यांना सरावतो. एवढं मला एका डॉक्टर गिऱ्हाइकानं कधीतरी समजावलं होतं आणि मी ते तोंडपाठ करून इतरांना सांगत असे. नुसतं तोंडपाठ करून काय होतं, ते मला सुमनआक्कांनी दाखवलं.

आक्का आष्ट्याच्या अलीकडच्या एका गावातल्या. आमच्याच जैन समाजातल्या, पंचावन्नच्या पुढच्या. घरचा ऊस, हळद, दोन म्हशी. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते खाली बघून. त्यांनाही तीच तक्रार आणि दुर्बिणीत तोच जंतू. चौदा दिवसांचं औषध झालं, पुन्हा तपासलं, जंतू जागच्या जागी. डॉक्टरांनी औषध बदलून पुन्हा चौदा दिवस दिले. तरी जंतू हललेला नाही. तेव्हा डॉक्टर रागावले, तुम्ही औषध नीट घेत नाही म्हणाले. आक्का म्हणाल्या, घेते. पुढे दवाखान्याचं नाव काढायचं नाही असं ठरवून त्या पुतणीनं दाखवलेला व्हिडिओ घेऊन माझ्याकडे आल्या.

मी त्यांना मस्तकी दिली. सकाळी उपाशीपोटी दोन खडे चघळा म्हणालो. दोन वेळा औषध घेऊन गुण नाही, म्हणजे बाईनं करायचं ते केलंय, असा माझा समज. महिन्यानं त्या परत आल्या आणि म्हणाल्या, जळजळ कमी हाय. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मुलाला ऐकू जाईल अशा बेतानं मी दोनदा विचारलं, "म्हणजे फरक आहे म्हणता?" असे चार महिने गेले. आक्का येत, पुडी घेत, जात. चौथ्या महिन्यात दाढ दुखते, चघळवत नाही म्हणाल्या, म्हणून मी पुढच्या खेपेला पूड करून ठेवली आणि रिकाम्या कॅप्सूल आणून त्यात भरली. आमच्या दुकानातल्या कॅप्सूल वनस्पतीपासून केलेल्या असतात, डबीवर हिरवा ठिपका असतो. स्वतः बसून भरल्या. चष्मा लावून तासभर लागला.

आक्का आल्या, पुडी उघडून बघितली आणि परत माझ्याकडे सरकवली.

"कॅप्सूल नगं अण्णा. खडंच द्या, मी दुसऱ्या बाजूनं चघळते."

"का? पाण्याबरोबर गिळायची, संपलं."

"त्ये हाडाचं असतंय."

मी हिरवा ठिपका दाखवला. मीही रोज बस्तीत देवदर्शनाला जाणारा माणूस आहे, तुम्हाला हाडाचं देईन का, म्हणालो. त्या म्हणाल्या, तुमचं खरं असंल, पण कॅप्सूल ती कॅप्सूल. चातुर्मासात गावात महाराज आले होते तेव्हा त्यांच्यासमोर कॅप्सूल न घेण्याचा नियम घेतलाय. आता हिरवा ठिपका बघायचा आणि लाल बघायचा, ह्यात नियम कुठं राहिला?

बाहेरच्यांसाठी सांगतो. बाजारातल्या बहुतेक कॅप्सूलचं वरचं आवरण जिलेटीनचं असतं आणि ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून होतं. आमच्यातली पुष्कळ जुनी माणसं ती घेत नाहीत. माझी आई घेत नसे. आईला कॅप्सूल लिहून दिली की ती बदलून आणायला मीच धावायचो. म्हणजे मला हे ठाऊक होतं. पुढचा प्रश्न मात्र चार महिन्यांनी, तासभर कॅप्सूल भरून झाल्यावर सुचला.

"आक्का, डॉक्टरांनी दिलेल्या औषधात कॅप्सूल होत्या?"

"व्हत्या की."

"त्यांचं काय केलंत?"

"गोळ्या घेतल्या समद्या. येक दीस चुकवला न्हाई. कॅप्सूल तेवढ्या काढून ठेवल्या. टाकायला जीव हुईना. डब्यात हायत."

"दोन्ही वेळच्या?"

"व्हय."

मला राग आवरेना. मग बोललो ते ओरडूनच. डॉक्टरांना का सांगितलं नाही? त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, त्यांनी विचारलं गोळ्या घेता का, मी घेते म्हटलं, त्यात खोटं काय? आणि सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, औषधाला चालतंय. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं जिवावर येतं. त्यापेक्षा न सांगितलेलं बरं.

ओरडता ओरडता माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे गेलं. चार महिन्यांत मी त्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. ओठ पांढरे, नखं पांढरी, आणि उभं राहवत नसल्यासारखा एक हात डब्यांच्या फळीवर. मी बसायला स्टूल दिलं आणि जे एका परक्या बाईला विचारायला संकोच वाटतो ते विचारलं. शौचाला कसं होतंय? त्या आणखी खाली बघत म्हणाल्या, "चार दीस डांबरागत हुतंय. म्हटलं, तुमच्या मस्तकीनं आतली घाण पडत आसंल."

डांबरासारखं काळं होणं म्हणजे वरच्या पोटात रक्त जाणं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला लहानपणापासून ठाऊक असतं. वडील अशा गिऱ्हाइकाला एक पुडी देत नसत, दारातूनच दवाखान्यात पाठवत. आणि माझं गिऱ्हाईक ते रक्त माझ्याच औषधाचा गुण समजून घरी बसलं होतं. चार महिने मी तिला "फरक आहे म्हणता?" एवढंच विचारत होतो.

मी मुलाला दुकान बघ म्हणालो, रिक्षा बोलावली आणि त्यांना घेऊन त्याच डॉक्टरांकडे निघालो. रस्त्यात आक्कांचा एकच धोशा, नियमाचं त्यांना सांगू नका. मी होही म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. आत गेल्याबरोबर सगळं सांगितलं. आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा ही बाई माझ्याशी बोलणार नाही, अशी माझी खात्री झाली.

डॉक्टर आधी माझ्यावर उखडले, राळ विकण्यावरून. मी ऐकून घेतलं. मग आक्कांकडे वळून म्हणाले, "अहो, हेच औषध साध्या गोळीत मिळतं. पहिल्या दिवशी बोलला असता तर मी तेच लिहिलं असतं."

आक्का पहिल्यांदा मान वर करून बोलल्या. "तुमी इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं."

डॉक्टरांनी समोरचे जुने कागद उलटायला घेतले. मी भिंतीवरचं आतड्यांचं चित्र बघत बसलो.

पोटात जखम झाली होती. आक्का पाच दिवस दवाखान्यात होत्या, दोन बाटल्या रक्त चढवलं. त्यांचा मुलगा आणि सून धावत आले. सून मला बघून रडायला लागली आणि माझे आभार मानू लागली, तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं. घरी जाताना डॉक्टरांनी नवीन औषधं लिहिली. एका औषधाला जंतू आता सरावलेला असणार म्हणून ते बदललं, आणि सगळं साध्या गोळ्यांत दिलं. कागद माझ्या हातात आला तर त्यावर रात्री जेवणाआधी असं लिहिलेलं. मी म्हणालो, डॉक्टर, ह्या सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. त्यांनी पेन काढलं, रात्री हा शब्द खोडला आणि आक्कांनाच विचारलं, "किती वाजता जेवता?" साडेपाच, आक्का म्हणाल्या. त्यांनी पाच लिहिलं.

चौदा दिवस झाले. त्यानंतर महिनाभर थांबून, जंतू गेला का ते बघायला श्वासाची तपासणी झाली. त्या महिन्यात मी त्यांच्या मुलाला इतके फोन केले की शेवटी तो म्हणाला, "काका, कागद आला की आधी तुमालाच सांगतो, मग घरात." कागद आला. जंतू गेला होता.

इथं हकिकत संपायला हवी होती. पण आमच्या लोकांना हकिकत संपवता येत नाही.

गेल्या महिन्यात आक्का दुकानात आल्या. तोंडावर तुकतुकी आलेली, आणि पाठीमागं गावातल्या तीन बाया. आल्या आल्या त्यांनी माझी ओळख करून दिली. हेच ते अण्णा, ह्यांच्या मस्तकीनं माझा जंतू गेला. तिघींना मस्तकी पाहिजे होती. एकीला पोटासाठी, एकीला गुडघ्यासाठी, आणि तिसरी नुसतीच उभी होती.

मी म्हणालो, "आक्का, जंतू मस्तकीनं गेला नाही, डॉक्टरांच्या गोळ्यांनी गेला."

त्या बायांकडे वळून म्हणाल्या, "ते असंच म्हणत्यात. लय साधा माणूस."

मग मात्र माझा तोल गेला. मी मस्तकीचा डबा उचलून आत ठेवला आणि त्या तिघींना सगळं सांगितलं. ही बाई चार महिने माझ्याकडून राळ घेऊन जात होती, आतून रक्त जाऊन मरायच्या बेताला आली होती, आणि मी एकदाही विचारलं नाही की बाई, दवाखान्यातलं सगळं औषध पोटात जातंय का. ती मरता मरता वाचली ती माझ्यामुळे नाही. मरणार होती त्यात माझाही हात होता.

आक्का म्हणाल्या, "मीबी कुठं सांगितलं, अण्णा?"

पोटदुखीवाली आणि गुडघेवाली एकमेकींकडे बघत होत्या. तिसरी, जी नुसतीच उभी होती, ती पुढं आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आमच्या मालकास्नी हार्टचं औषध हाय. त्येबी कॅप्सूलच हाय."

"घेतात?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"किती दिवस झाले?"

"अटॅक येऊन दीड वरीस झालं."

"आत्ता कुठं आहेत ते?"

"उसाला पाणी पाजाय गेल्यात."

मी माझा फोन तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "लाव. मोटर बंद करून बांधावर बसायला सांग. आम्ही डॉक्टरांना घेऊन येतोय म्हणावं."